शेवंतीच्या काश्या आत्ताच वेगळ्या कराव्या का मिरगापर्यंत थांबावं?

अनुजा_परभणी

नमस्कार मंडळी. घरामागं लहानसं अंगण आहे आणि वर गच्ची. अंगणात सासूबाईंनी लावलेली जुनी पिवळी शेवंती आहे, बारीक फुलाची, वेणीत माळतात ती. शिवाय दिवाळीला नर्सरीतून आणलेल्या दोन कुंड्या, एक जांभळी आणि एक पांढरी, मोठ्या गोंड्याच्या, नर्सरीवाला गुलदाउदी गुलदाउदी करत होता पण शेवंतीच ती. आता रथसप्तमी पण झाली, फुलं सगळी वाळली, काड्या तपकिरी पडल्या, अगदी भकास दिसायलंय. पण वाकून बघितलं तर बुडाशी मातीतून हिरवेगार कोंब वर यायलेत, जुन्या पिवळीला तर दाटीनं, पांढरीला थोडे आणि जांभळीला जेमतेम दोन-तीन.

मला ही वाढवायचीयत. येत्या नवरात्रात आणि दिवाळीत घरची फुलं पाहिजेत, शिवाय नणंदांना रोपं द्यायचीत, दोघी मागं लागल्यात. शेजारच्या काकूंनी ज्या फांद्यांना फुलं येऊन गेली त्याच तोडून कुंडीत खोचून दिल्या, त्या आता खालून काळ्या पडायल्यात आणि पानं लोंबायलीत. काकूंना तर काही म्हणता येत नाही. ह्यांचं म्हणणं कशाला जीव काढतेस, दिवाळीला नवीन आणू की. यूट्यूबवर एक जण म्हणतो आत्ता करा, एक म्हणतो जूनमध्ये करा, आणि एक बाई तर सांगत होती बर्फ वितळला की करा. आमच्याकडं मार्च लागला की गच्चीवर चप्पल घातल्याशिवाय जाता येत नाही हो.

माती आमची काळीच, भेगा पडणारी. पाणी बोअरचं, जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. तर आत्ता नेमकं काय करायचं, उन्हाळ्यात ही जगवायची कशी, आणि फांदीपासून करायचं का त्या कोंबांपासून, हे कुणीतरी इकडच्याच माणसानं सांगा. पुण्या-नाशिकचं हवामान सांगू नका प्लीज.

गच्चीवाला_लातूर

ताई, आधी त्या खोचलेल्या फांद्या उपटून टाका, त्या काही लागत नाहीत आता. फूल येऊन गेलेल्या फांदीला वाढायला शेंडाच उरत नाही, शेंड्याचंच तर फूल झालेलं असतं, आणि खालची काडी लाकूड धरते. तशाच कुजत ठेवल्या तर बुरशी कुंडीभर होते. तुम्ही ज्यांना कोंब म्हणताय त्याच काश्या, तेच तुमचं बियाणं.

आत्ता एवढंच करा, जुन्या सगळ्या काड्या जमिनीपासून चार बोटं ठेवून कात्रीनं छाटा. एखाद्या काडीवर एक-दोन बरी फुलं असली तरी छाटा, हळहळ करायची नाही. वरचं ओझं गेलं आणि बुडाला ऊन लागलं की राहिलेल्या काश्या पण निघतात. तुमच्या जांभळीला दोन-तीनच आहेत ना, तिला तर हे केलंच पाहिजे. बुडाशी कुजलेलं शेणखत खुरपून घाला, पाणी बेतानं द्या, दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल.

आणि दिवाळीला आणलेल्या कुंड्यांचं वेगळंच असतं. ते एक झाड नसतं, एका कुंडीत चार-पाच कलमं शेजारी शेजारी लावून भरगच्च दिसायला केलेलं असतं. एखादं मेलं तरी बाकीची जगू शकतात, त्यामुळं सरसकट फेकू नका. दुसरं म्हणजे त्यांच्यावर बहुतेक वेळा वाढ रोखायचं औषध मारलेलं असतं म्हणून ती वीतभर राहतात. पुढच्या वर्षी तुमच्याकडं तीच दीड-दोन फूट गेली तर घाबरू नका, काहीही बिघडलेलं नसतं, औषध उतरलेलं असतं. लोक इथं येऊन विचारतात की झाड बदललं का म्हणून.

तिसरं, त्या कुंडीतून गड्डा काढून बघा. आत बहुतेक नुसतं कोकोपीट असणार. ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरतच नाही, वरून ओतलं की कडेनं खाली, आणि आपल्याला वाटतं भरपूर पाणी दिलं. बादलीत गड्डा बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मगच पुढचं काम.

मावशी_अंबाजोगाई

अनुजा, तू विचारलंस आत्ता का मिरगात, तर दोन्ही. लोक एक काहीतरी करतात आणि मग म्हणतात शेवंती आमच्याकडं टिकत नाही. आत्ता काश्या वेगळ्या करायच्या त्या मोजक्या, आया म्हणून. त्या उन्हाळाभर जगवायच्या. आणि मिरगाचा पाऊस पडला, हवा गार झाली की त्या आयांच्या कोवळ्या शेंड्यांची कलमं करायची, आणि फुलं घ्यायची ती त्या कलमांवर. आत्ता लावलेली काशी थेट दिवाळीपर्यंत वाढवलीस तर तीपण फुलते, नाही असं नाही, पण तोवर ती लांबलचक होते, खालची पानं झडून नुसत्या काड्या दिसतात, वाऱ्यानं लोळते. जूनच्या कलमाचं झाड बुटकं, बांधेसूद आणि खालपर्यंत पानांचं राहतं.

आता काश्या काढायच्या कशा. आदल्या दिवशी पाणी दे, काळी माती कोरडी असली तर ढेकूळच निघतं आणि मुळं तुटतात. एका अंगानं खुरप्यानं माती सैल करून अख्खा गड्डा वर घे. गड्डा हातात आला की नीट बघ, मधोमध जुनं बूड असतं, तपकिरी, कडक, आणि त्याच्या चहूबाजूंनी मातीतल्या मातीत आडव्या पांढऱ्या दोऱ्या गेलेल्या असतात, त्यांच्या टोकाला हिरवा शेंडा. त्या आडव्या भागालाच बारीक केसाळ मुळं असतात. कडेच्या काश्या घे, बुडापासून लांब निघालेल्या, त्या जास्त जोमाच्या. दोन बोटांत धरून बुडाकडं ओढ, मुळासकट सुटते. जी मुळाशिवाय तुटली ती टाकू नको, तिची कलमासारखी वेगळी सोय कर. मधलं जुनं बूड मात्र फेकून दे, त्याच्यावर माया करायची नाही, दरवर्षी तेच तेच बूड ठेवलं की फूल बारीक होत जातं आणि रोग साठतो.

शेंड्याला चिकटा आहे का बघ, या दिवसांत असतोच, काळा काळा मावा पानाच्या मागून आणि अगदी कोवळ्या टोकात दडलेला. साबणाच्या पातळ पाण्यात काश्या हलक्या हातानं बुडवून स्वच्छ पाण्यातून काढ आणि मग लाव. नाहीतर एका कुंडीतला चिकटा सगळ्या कुंड्यांत आपणच वाटतो.

माती. नुसती काळी माती कुंडीत चालतच नाही, गं. ओली असली की चिखल, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मधे बोटभर फट पडते, मग घातलेलं सगळं पाणी त्या फटीतून खालच्या ताटलीत. दोन वाटे माती, एक वाटा जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक वाटा जुनं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. मिसळून ओलं केल्यावर मुठीत दाबलं की लाडवासारखं वळावं आणि बोटानं टोकलं की लगेच फुटावं, तसं झालं की माती जमली.

काश्या लावल्यावर आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन. आणि एक गोष्ट ऐक, फेब्रुवारी-मार्चमध्ये या लहान लहान रोपांनाच कळ्या लागतात कधी कधी. बघून आनंद होतो. खुडून टाकायच्या. वीतभर रोपानं फुलून घेतलं की मग उन्हाळा काढायला त्याच्यात जीव राहत नाही.

नांदेडी_माणूस

मावशी एवढा कुटाना कोन करायलंय. आमच्याकडं आई गड्डा खोदून हातानंच चार तुकडे करती, एक इकडं एक तिकडं लावती, झालं. फुलं येतेत की. ती रेवडीसारखी बारीक देशी शेवंती मरायचं नाव घेत नाही, गोठ्याच्या कडेला टाकलं तरी येती. ते नर्सरीवालं मात्र नाजूक असतंय, त्याच्या नादी लागून उन्हाळाभर पाणी घालण्यात अर्थ नाही. तुमच्या मिस्टरचं बरोबर आहे, जांभळं दिवाळीला नवीन आना.

मावशी_अंबाजोगाई

तुझ्या आईचं बरोबरच आहे रे, जमिनीतल्या देशी शेवंतीला ते पुरतं, तिला गोठ्याचं खत आणि सांडपाणी आपोआप मिळत असणार. कुंडीत तसं होत नाही. आणि अनुजाला नणंदांना द्यायचीयत, दोन घरी वाटायला तुकडे पुरत नाहीत, कलमंच करावी लागतात.

अनुजा_परभणी

किती छान सांगितलंत सगळ्यांनी! मावशी, आजच संध्याकाळी पिवळीचा एक गड्डा काढून बघितला, अगदी तसंच, पांढऱ्या दोऱ्या आणि टोकाला हिरवं. चिकटा पण निघाला. आता उन्हाळ्याचं सांगा ना. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ जातं, गच्चीवर तर त्याहून जास्त वाटतं, आणि बोअर मे महिन्यात कधी कधी हवाच फेकतं. आणि जूनमध्ये शेंड्याची कलमं म्हणजे नेमकी कशी, त्या काकूंनी खोचल्या तशाच की वेगळं काही? कोरफडीच्या गरात बुडवायचं, मधात बुडवायचं, दालचिनी लावायची, काय काय ऐकलंय.

थेंबथेंब_धाराशिव

उन्हाळ्याचं मी सांगतो, कारण आमच्या गावात नळ आठवड्यातून एकदा येतो आणि तरी माझ्या कुंड्या टिकतात. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात पाण्याचा हिशोब लागलाय तो लागलाच.

पहिलं, मार्चच्या मध्यापासून शेवंती गच्चीवर ठेवायचीच नाही. स्लॅब रात्रभर गरम असतो, कुंडीतली मुळं शिजतात. खाली अंगणात पूर्वेकडच्या भिंतीला, जिथं दहा-अकरापर्यंत ऊन आणि मग सावली, तिथं सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा. सुट्या सुट्या ठेवल्या की प्रत्येक कुंडी चारी बाजूंनी तापते. जागा नसेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी नेट लावा. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर बाहेरून ओलं पोतं गुंडाळा. वरून सोयाबीनचं भुसकट तीन-चार बोटं जाड पसरा, आपल्याकडं त्याला तोटा नाही, फक्त बुडाला चिकटवू नका, तिथं जागा मोकळी सोडा.

उन्हाळ्यात शेवंती वाढत नाही, नुसती तग धरते. ते ओळखायचं. पानं दुपारी मलूल झाली म्हणून दर तासाला पाणी घालणारे लोक शेवंती बुडवून मारतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर थांबा. संध्याकाळी पानं परत उभी राहिली तर झाड ठीक आहे. खत पण बंद, युरिया तर नकोच नको. पानाच्या मागं बारीक जाळी आणि वरून पानं धुरकट दिसायला लागली की लाल कोळी आलाय, पहाटे पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारायचा, कोरड्या गरम हवेत तो वाढतो, ओलीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कुठलं पाणी. पाणी वाचवायचं म्हणून लोक आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरचं उरलेलं पाणी कुंड्यांना घालतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच क्षाराचं. आरओ त्यातले क्षार काढून वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडतो, म्हणजे ते मूळ पाण्याहून जड. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत राहतात, रोज वरून भर घालत गेलं की महिनाभरात ते पाणी चाखवत नाही इतकं खारट होतं. कुंडीच्या काठाला पांढरी पावडर, पानाच्या कडा करपलेल्या, किंवा नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजा क्षार किंवा चुनखडीचं दुखणं आहे, खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालू नका. एसीचं गळणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. आणि पहिला दमदार पाऊस झाला की कुंड्या सरळ उघड्यावर ठेवा, उन्हाळाभर साठलेला क्षार धुऊन जातो, फक्त खालचं भोक मोकळं आहे का ते बघा.

कृषीचा_विद्यार्थी

कलमांबद्दल लिहितो. मिरग ७ जूनच्या आसपास निघतो पण पाऊस कधी कधी महिनाभर दडी मारतो, त्यामुळे तारखेपेक्षा हवा बघा. तापमान उतरलं, ढग आले, आर्द्रता वाढली की करा. मे महिन्यातल्या भट्टीत केलेलं कलम मुळं फुटायच्या आधी वाळतं.

फरक काय ते सांगतो. काकूंनी खोचली ती फूल येऊन गेलेली जुनी फांदी. तुम्ही घ्यायची ती कळी नसलेली, वाढत्या फांदीची वरची तीन-चार इंच, जी वाकवली की कट्कन मोडते. नुसती वाकते ती फार कोवळी, आणि वाकायलाच तयार नाही ती जुनी, लाकूड धरलेली. पेराच्या जरा खाली धारदार ब्लेडनं कापा, खालची निम्मी पानं काढायची, वरची तीन-चार ठेवायची, फार मोठी असतील तर अर्धी कापायची. पहाटे काढा, झाडात पाणी भरलेलं असतं तेव्हा.

लावायला खत घातलेली माती नको. धुतलेली जाडी वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, किंवा नुसती वाळू. कलमं काळी पडतात ती बहुतेक वेळा बुरशीनं, आणि बुरशीला शेणखत, साचलेलं पाणी, कोंदट हवा हे तिन्ही आवडतं. आधी काडीनं भोक करून मग कलम ठेवा, खुपसू नका, साल सोलून निघते. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, मिळाली तर मिश्रणात कालवा. वरून कापलेली पाण्याची बाटली उलटी घाला पण टोपण काढून, आणि सावलीत. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. ओढून बघायचा मोह आवरा, शेंड्याला नवं पान दिसलं की समजायचं खाली काम झालं.

कोरफड, मध, दालचिनी यातलं काही नाही केलं तरी शेवंती लागते, ती मुळातच सहज मुळं धरणारी आहे. आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाची पावडर मिळते, तिनं मुळं लवकर आणि जास्त येतात, रोपवाटिकावाले वापरतात, घरी दहा-वीस कलमांसाठी खर्च करायची गरज नाही. पण मधाच्या गोडीनं मुंग्या नक्की येतात.

जुलैमध्ये कायमच्या कुंडीत. पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडायचा, बगलेतून फांद्या फुटतात, त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. ऑगस्ट संपला की खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. नवरात्राला लवकर हव्या असतील तर पिवळीचं खुडणं पोळ्याच्या आधीच थांबवा. मोठ्या गोंड्याच्या जातीला एका फांदीवर एकच कळी ठेवली, बाजूच्या बारीक असतानाच काढल्या, तर फूल मोठं येतं, वेणीच्या पिवळीला ते करू नका.

आणि रात्रीचा उजेड बघा. शेवंतीला कळी धरते ती रात्र लांबायला लागली की. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास येतो, मधे रात्री वाढत जातात तशी ती कळीवर येते. रात्रीच्या मधे तिच्यावर दिवा पडला तर तिच्या हिशोबानं रात्र झालीच नाही. फुलशेतीवाले हेच उलटं वापरतात, रात्री बल्ब लावून कळी पुढं ढकलतात आणि भाव असेल तेव्हा फुलं आणतात. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा हा परिणाम मांडला, आणि त्यांच्या प्रयोगातलं एक पीक होतं सोयाबीन. आपल्या भागात कुणालाही विचारा, रस्त्याच्या मोठ्या दिव्याखालचा सोयाबीनचा पट्टा बाकी रान पिवळं पडलं तरी हिरवागार उभा असतो, शेंगा उशिरा भरतात. शेवंतीचं तेच.

नांदेडी_माणूस

हे दिव्याचं मात्र पटलं. चुलत्याच्या रानात डीपीजवळचा दिवा रात्रभर चालू असतोय, तिथलं सोयाबीन काढायला वेगळं जावं लागतंय. पण आमच्या ओसरीवर ट्यूब असती आणि शेवंती तरी फुलती, ते कसं?

कृषीचा_विद्यार्थी

ट्यूब दहाला बंद होत असेल ना भाऊ. संध्याकाळचा थोडा वेळ आणि मंद उजेड बऱ्याच जाती सहन करतात, मग पुढं सलग अंधार मिळाला की झालं. मध्यरात्री पडणारा, पानांवर थेट येणारा उजेड जास्त नडतो. जातीजातीत फरक पण असतो, देशी बारीक शेवंती तेवढी नखरे करत नाही.

अनुजा_परभणी

अरे देवा, म्हणजे आमच्या गच्चीच्या कठड्याला लागून खांब आहे आणि त्याचा पांढरा एलईडी रात्रभर थेट कुंड्यांवर पडतो! म्हणून तर अंगणातली पिवळी भिंतीआड भरभरून फुलते. सप्टेंबरपासून सगळ्या कुंड्या अंगणातच ठेवते मग. खांबाचा दिवा काही कुणी बंद करून देणार नाही.

शेवटचं एक. मोठी नणंद पुण्यात आहे, तिला काश्या कुरिअरनं पाठवता येतील का, का आपण रोप करूनच द्यावं? आणि पांढरी शेवंती कुणाकडं असेल साधी देशी, तर मी पिवळी देईन बदल्यात.

गच्चीवाला_लातूर

पाठवता येतात, पण काश्याच पाठवा, कुंडीसकट रोप वाटेत आडवं-तिडवं होऊन मोडतं. आत्ता थंडी आहे तोवरच, मार्चनंतर नको. मुळांची माती झटकून घ्या, मुळांभोवती ओल्या वर्तमानपत्राचा कागद पिळून गुंडाळा, पिळून बरं का, टपकता ओला ठेवला तर कुजतात. त्याला खालून प्लास्टिकची पिशवी बांधा, वरची पानं उघडी ठेवा, मग पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात. पाच-सहा काश्यांची एक जुडी. रंगाची चिठ्ठी प्रत्येक जुडीला वेगळी बांधा, पानांवरून जात ओळखू येत नाही आणि मग दिवाळीपर्यंत कोणतं काय ते कळत नाही. सोमवारी टाका म्हणजे रविवारी गोडाऊनला अडकत नाहीत. नणंदेला सांगा आल्या आल्या तासभर पाण्यात मुळं बुडवून मग लावायच्या, दोन दिवस उन्हात न्यायच्या नाहीत.

देशी पांढरी माझ्याकडं आहे, रेवडीच्या आकाराची, मध्यभागी जरा पिवळसर. तिच्या काश्या आत्ता वर आल्यात. मेसेज करा, पिवळीच्या चार पाठवल्या तरी चालतील.

मावशी_अंबाजोगाई

मला पण पांढरी पाहिजे, आमच्याकडची गेल्या पावसाळ्यात पाणी साचून गेली. माझ्याकडं तांबूस विटकरी रंगाची आहे, दुकानात ती फारशी दिसत नाही. आणि अनुजा, जांभळीच्या त्या दोन-तीन काश्या आत्ता वेगळ्या करू नकोस, एवढ्या कमी असताना मूळ हलवायचं नाही. छाटून ठेव, आणखी फुटू दे, आणि तिच्या शेंड्यांची कलमं जूनमध्येच कर.